मदत हवी आहे: सीना नदीला पूर आला तर मदतीच्या सामानाचा साठा आणि वाटप कसं लावावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही सोलापुरातली दहा-बारा मंडळी. सप्टेंबर २०२५ च्या पुरात एका ओळखीच्या गाळ्यात मदतीचं सामान उतरवून घेत होतो. आता पावसाळ्याआधी नीट घडी बसवायची आहे.

सामान कमी पडलं असं नाही. बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या आणि जुन्या कपड्यांची गाठोडी नको तितकी आली. हायवेलगतच्या गावांना किटवर किट, आत वस्तीवरच्यांना काहीच नाही. भिजलेल्या गाठोड्यांना वास सुटला, ती हलवायलाच टेम्पो करावा लागला! त्यात लांबोटीच्या पुलावर पाणी चढलं आणि पुणे हायवे बंद. माल मोहोळकडे, आम्ही नदीच्या या बाजूला.

ज्यांनी असं काम केलंय (सांगली-कोल्हापूर २०१९ वाले असतीलच) त्यांनी सांगावं: हिशोब कसा ठेवता? गाडी कुठल्या गावाला सोडायची हे कोण ठरवतं? आणि देणाऱ्याला न दुखावता 'हे नको' कसं म्हणायचं?

प्रतिसाद १

एकच मोठं गोदाम काढू नका. एक साठा सोलापुरात, दुसरा मोहोळ किंवा टेंभुर्णीला ठेवा. पुण्या-मुंबईच्या गाड्या पलीकडेच उतरवा. अलीकडच्या साठ्यात इथलंच भरा: चादरी, शेंगाचटणी, कडक भाकरी. तिला चूल लागत नाही, ओल लागली नाही तर चांगली टिकते. भाताचे डबे दुपारपर्यंत आंबतात.

हिशोबाला एकच वही आणि एकच लिहिणारा. आलं, गेलं, शिल्लक. 'गेलं'पुढे गाव आणि उतरवून घेणाऱ्याची सही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हिशोब ठेवलात की एकच गाडी दोघं मोजतात. गावाची यादी तलाठी-ग्रामसेवकांकडून घ्या, पण वस्त्या सुटल्या नाहीत ना हे गावातल्या आशाताईंना विचारा. चुलीमागे एक कूपन आदल्या दिवशी वाटा. रेशनकार्ड मागू नका, ते पुरात गेलेलं असतं.

आणि बाटल्यांचा नाद सोडा. माणशी दिवसाला १५ लिटर पाणी हा 'स्फिअर' या मदतकार्याच्या आंतरराष्ट्रीय मानकांचा किमान निकष. ५०० वस्तीच्या गावाला ७,५०० लिटर झाले. तिथे टँकर आणि क्लोरीनच पाहिजे.

प्रतिसाद २

माढ्याकडचा आहे म्हणून सांगतो, गुरांचं कुणी विचारतच नाही. कडब्याची गंज भिजली की संपलं. मोठ्या जनावराला दिवसाला १५-२० किलो हिरवा चारा धरा, म्हणजे १०० गुरांना रोज दीड-दोन टन. चाऱ्याची गाडी वेगळीच लावा, किटच्या टेम्पोत चार पेंढ्या टाकून भागत नाही.

पाणी ओसरल्यावर मागणी पालटते. घरात गुडघाभर गाळ असतो तेव्हा बिस्किटं काय करायची? फावडी, घमेली, ब्लीचिंग पावडर पाठवा. देणाऱ्यांना 'कपडे नकोत' एवढंच कळवू नका, पुढे 'नव्या चादरी, नवे आतले कपडे, सॅनिटरी पॅड द्या' असं लिहा. हातात यादी पडली की माणूस रुसत नाही.

धागाकर्ता

दोघांचे आभार. मोहोळचं आम्हाला सुचलंच नव्हतं. तिथे हायवेला लागून, ट्रक वळेल एवढं अंगण असलेलं पक्क्या छताचं शेड कुणाच्या ओळखीत आहे का? जुलै ते ऑक्टोबर हवंय, भाडं देऊ. आणि पोती जमिनीवर टेकू नयेत म्हणून लाकडी पाट कुठे स्वस्त मिळतील तेही सांगा.