राज्य संघटनेच्या सचिवपदाला उभी राहू का? (ॲनाटॉमीवाले, बोला)

डीएचवाली_मॅडम
नमस्कार मंडळी. मराठवाड्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात ॲनाटॉमीची (शरीररचनाशास्त्राची) सहयोगी प्राध्यापक आहे. आमच्या राज्य संघटनेची निवडणूक लागलीय आणि सचिवपदाचा अर्ज भरावा असं मनात आहे. कार्यकारिणीत कधी नव्हते. परिषदेला जायचं, पेपर वाचायचा, जेवायचं, परत यायचं, एवढाच संबंध. अर्जासोबत दीडशे शब्दांत ‘आपली भूमिका’ लिहून द्यायचीय, तिथंच गाडं अडलंय. मागच्या उमेदवारांचं वाचलं. सगळ्यांना ‘विषयाचा सर्वांगीण विकास’ करायचा होता.

मला एकच काम करायचंय: देहदान. गेल्या पावसाळ्यात रात्री एका घरून फोन आला. वडील घरीच वारलेले, देहदानाचा फॉर्म भरलेला, सगळ्यांची संमती. पण मृत्यूचं कारण लिहून द्यायला डॉक्टर कुठला? घरी मृत्यू झाला की मृत्यूच्या कारणाचा डॉक्टरी दाखला, 4अ नमुना, लागतो आणि त्यांचे फॅमिली डॉक्टर गावाला गेलेले. मुलगा विचारतोय, “मॅडम, तोवर बर्फ आणून ठेवू का?” शेवटी तालुक्यातल्या दुसऱ्या डॉक्टरांना घरी नेलं आणि पहाटे आमच्या डिसेक्शन हॉलमधले (डीएच, म्हणजे शवविच्छेदन शिकवतात तो हॉल) मदतनीस मामा गाडी घेऊन गेले. त्या माणसाला हे सगळं वडिलांच्या उशाशी बसून विचारावं लागलं, ते डोक्यातून जात नाही. जिल्ह्याला एक नंबर, कॉलेजांनी वाटून घेतलेली पाळी आणि कागदांची एकच यादी, एवढं झालं तरी पुष्कळ. शिवाय एका कॉलेजात बॉडी ठेवायच्या टाकीत जागा नाही आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या नव्या कॉलेजात बॉडी कमी म्हणून एका टेबलाभोवती पोरं टाचा उंचावून बघतायत, हेही जुळवता येईल.

तर हे सचिवाचं काम आहे का? की आधी साधं सदस्य म्हणून आत जावं? आमचे एचओडी दुसऱ्या उमेदवाराच्या बाजूने आहेत, तेही सांगून ठेवते.

माजी_खजिनदार
मॅडम, आधी संघटनेची घटना वाचा. काही संघटनांत सचिवपदासाठी आधी एक टर्म कार्यकारिणीत असावं लागतं. तसं कलम असेल तर अर्ज छाननीतच उडेल.

आता सचिवाचं काम काय असतं ते ऐका. निवडणूक झाली की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट (पदाधिकारी बदलल्याची नोंद). तो राहिला की रेकॉर्डवर जुनीच मंडळी, आणि मग बँक सह्या बदलून देत नाही. नंतर ऑडिट, इतिवृत्त, वार्षिक सभेची नोटीस, परिषदेसाठी मेडिकल कौन्सिलकडे क्रेडिट पॉइंटचा अर्ज. (डॉक्टरांना नोंदणी टिकवायला पाच वर्षांत तीस पॉइंट जमवायचे असतात, त्यामुळे परिषदेत सगळ्यात मोठी रांग सर्टिफिकेटच्या टेबलापाशी. भाषणाला निम्मा हॉल.) तुमचं देहदान या सगळ्यातून उरलेल्या वेळात.

दुसरं. बॉडी या कॉलेजातून त्या कॉलेजात हलवायचा अधिकार संघटनेला नाही. तो 1949 च्या ॲनाटॉमी ॲक्टचा आणि सरकारी परवानगीचा मामला. संघटना यादी करू शकते, पत्र देऊ शकते, पाठपुरावा करू शकते. भूमिकेत तेवढंच लिहा. पुढच्या वार्षिक सभेत लोक तोच कागद काढून विचारतात.

एमेस्सी_पीएचडी
माझा प्रश्न सरळ आहे. 2020 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने आमचा, म्हणजे एमबीबीएस नसलेल्या एमेस्सी-पीएचडी शिक्षकांचा, वाटा ॲनाटॉमीच्या शिक्षकपदांत 30 टक्क्यांवरून 15 वर आणला, तेव्हा संघटनेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शुभ दुपार चालू होतं. आमच्यापैकी कितीतरी जण आजीव सदस्य आहेत, मतंही आहेत. तुम्ही यावर बोलणार का? बोलणार नसाल तर तसं सांगा, राग नाही.

नवी_ट्यूटर
मला अजून मत नाही, पण एक मागणी ठेवून जाते. डीएचमधले एक्झॉस्ट. आमच्याकडे चारपैकी तीन बंद आहेत. बॉडी टिकवायला वापरतो त्या फॉर्माल्डिहाइडने माणसाला कर्करोग होतो हे 2004 मध्येच आंतरराष्ट्रीय संस्थेने पक्कं केलंय, आणि आम्ही अजून डोळे पुसत ब्रॅकियल प्लेक्सस (हाताच्या नसांचं जाळं) दाखवतोय. विद्यार्थी वर्षभराने बाहेर पडतात. ट्यूटर आणि मामा तिथंच असतात.

डीएचवाली_मॅडम
सगळ्यांचे आभार. घटना मागवून वाचली. कलम आहेच: सचिवपदाला आधीची एक टर्म हवी. त्यामुळे कार्यकारिणी सदस्यपदाचा अर्ज भरतेय. एचओडींना आजच जाऊन सांगितलं. ते “बरं” म्हणाले आणि चहा मागवला. अर्थ तुम्हीच लावा.

एमेस्सी_पीएचडी, बोलणार. आमच्या विभागात हिस्टॉलॉजी (सूक्ष्मदर्शकाखाली ऊती शिकवायचा भाग) तुमच्याच माणसाने उभी केलीय. टक्का वाढवून आणीन असं मात्र लिहीत नाही, ते आयोगाच्या हातात. कार्यकारिणीने लेखी भूमिका घ्यावी असा ठराव मांडेन, तो मंजूर होवो न होवो.

ट्यूटर मॅडम, एक्झॉस्टचं घेते. तुमच्या हॉलचा फोटो पाठवा, कॉलेजचं नाव दिसू देऊ नका.

भूमिकेत आता तीनच वाक्यं आहेत: जिल्हावार देहदान नंबरांची यादी, कागदांचा एकच नमुना, आणि कुठल्या कॉलेजात किती बॉडी आहेत याची दर तिमाहीची माहिती. दीडशे शब्द भरतच नाहीत, राहू दे.

खजिनदार साहेब, एक शेवटचं. मतदारयादी उमेदवाराला मागता येते का?

माजी_खजिनदार
येते. निवडणूक अधिकाऱ्याकडे लेखी मागा आणि पोच घ्या. आणि यादीत आधी स्वतःचं नाव बघा.