अनुभव धागा : ‘चुकलं, पण…’ यातला ‘पण’ कसा काढायचा?

वडाखाली
सलाम. देवाने आपल्याला कसं बदललं याच्या साक्षी आपण चर्चमध्ये दर रविवारी ऐकतो, त्या इथे नकोत. ज्यांच्यापुढे लोक चूक कबूल करायला येतात, ते पाळक, मंडळीचे वडील, कॅटेकिस्ट (धर्मशिक्षण देणारे), बचत गटातल्या बाया, त्यांनी एवढंच लिहा : कबुली कशी द्यायची आणि ती कुठे फसते. कोणाचं नाव-गाव नको. गुडघे टेकून देवापुढे कबूल करणं जमून जातं, शेजाऱ्याच्या दारात मात्र जीभ अडते. म्हणून हा धागा.

पाळक, घाटाखालचे
आधी बायबलमधलं १ शमुवेल १५ वाचा. देवाची आज्ञा होती, अमालेकांचं काहीच राखायचं नाही, जनावरंसुद्धा. शौल राजा अमालेकांवरून परत येतो आणि म्हणतो, आज्ञा पाळली. मागे मेंढरं ओरडताहेत! शमुवेल संदेष्ट्याने विचारलं की पहिलं कारण, लोकांनी आणली. दुसरं, यज्ञासाठी आणली. २४व्या वचनात एकदाचं ‘मी पाप केलं’ येतं, पण लगेच शेपूट : लोकांना भ्यालो. ३०व्या वचनात तर वडीलधाऱ्यांपुढे माझा मान राख, ही विनंती. दुसऱ्याची बायको घेऊन तिच्या नवऱ्याला मारवणारा दावीद पकडला गेल्यावर काय म्हणतो? २ शमुवेल १२:१३. परमेश्वराविरुद्ध पाप केलं, एवढंच. हिब्रूत दोन शब्द. पापाचा शब्द दोघांच्या तोंडी तोच आहे, फरक शेपटाचा. आणि दावीदाकडे कारणं कमी नव्हती, राजाच होता तो.

आपल्या मराठीत लपायला जागा फार. ‘माझ्या हातून झालं’, ‘पैसे खर्च झाले’, ‘शब्द निघून गेला’. करणारा कुठेच नाही. लोकांना सोन्याचं वासरू करून देणारा अहरोनही असंच बोलला : सोनं आगीत टाकलं आणि हे वासरू निघालं (निर्गम ३२:२४). ‘काही चुकलं असेल तर माफ करा’ हे तर लग्नाच्या पंगतीत शोभणारं वाक्य.

म्हणून आलेल्या माणसाला कागद द्या. चार गोष्टी लिहायच्या : मी, काय केलं, कोणाचं, किती. मग ‘पण’, ‘कारण’, ‘त्यानेही’, ‘असेल तर’ या शब्दांवर रेघ मारा. उरेल ते वाक्य मोठ्याने म्हणायला लावा. बहुतेक दोन ओळी उरतात. कारण सांगायचंच असेल तर समोरच्याने विचारल्यावर, आणि तेही थोडक्यात.

धुऱ्यावरचा
धुऱ्याचं, म्हंजे शेताच्या बांधाचं सांगतो. नांगरताना दरसाली एक तास, म्हंजे नांगराची एक ओळ, आत घेतला का दहा वर्सात शेजाऱ्याची पट्टीच जाते. मंग मानूस म्हणते ‘धुरा सरकला’. धुरा कायचा सरकते बाप्पा, त्याले पाय हायेत काय? शेजाऱ्याची हद्द सरकवू नको हे अनुवाद १९:१४ मदी साफ लिवलं हाय.

रीत अशी. पीक निंगाल्यावर, उन्हाळ्यात जा. पेरनीच्या घाईत गेलं का भांडनच होते. एकटं जा, चार मानसं घेऊन गेलं का तो समजते दबाव आनला. ‘मी तुया बाजूचे इतके तास घेतले’ असं आकड्यानं सांगा. ‘मोजून घे, निंगालं तर देतो’ ही कबुली नाई, हे आव्हान हाय. भूमी अभिलेखची मोजणी लागलीच तर फी सरकवनाऱ्यानं भरायची. दोघांच्याई समोर खुणा रोवायच्या. आन् पिकाचा हिशेब इसरू नका, जमीन वापस देली म्हंजे झालं असं नाई, तितक्या सालाचा कापूस बी त्याचाच होता.

काट्यावरची
धुरेवाले भाऊ बरोबर बोलले, हिशेबाशिवाय कबुली हवेत राहते. कापूस वेचणीचं उदाहरण घ्या. गाठोड्याच्या फडक्याचं वजन वजा करणं ठीक. पण ‘कापूस ओला आहे’ म्हणत दर बाईमागे रोज दोन किलो कापणं म्हणजे सरळ मापात पाप. पाच बाया, २५ दिवस, दोन किलो : २५० किलो. किलोला १० रुपये धरले तर २,५०० रुपये. लेवीय ६:५ आणि गणना ५:७ प्रमाणे मुद्दलावर पाचवा हिस्सा जास्त, म्हणजे ५००. एकूण ३,०००. दर बाईचे दिवस वहीत असतातच, त्याप्रमाणे वाटा. लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाने चौपट परत द्यायचं कबूल केलं होतं (लूक १९:८), पण ती चौपट नियमशास्त्रात चोरून कापलेल्या किंवा विकलेल्या मेंढराची आहे. पाचव्या हिश्श्यापासून सुरुवात केली तरी पुष्कळ.

पैसे बाईच्याच हातात, तिच्या नवऱ्याच्या नाही, मुकादमाच्या तर नाहीच. आणि खरी गोम इथे आहे : हे पैसे ‘नाताळची साडी घे’ म्हणून द्यायचे नाहीत. तसं दिलं की चोर दाता होतो आणि जिचं गेलं तीच आभार मानत बसते. ‘तुझे कापलेले पैसे’ हे शब्द तोंडातून निघाले पाहिजेत.

कॅटेकिस्ट, जंगलपट्टी
आमच्या कॅथलिक बाजूचं थोडं. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेपासून वर्षातून एकदा तरी कन्फेशन, म्हणजे फादरपुढे पापांची कबुली, हा नियम. गंभीर पापं प्रकार आणि संख्येसह सांगायची : ‘चोरी केली’ नाही, ‘तीनदा केली’. लांब गावांत फादर महिन्यातून एखाद्या वेळी येतात, रांग असते, मिसाची (उपासनेची) वेळ होत आलेली असते. म्हणून आदल्या रात्री विवेक तपासून ठेवा. गडबडीत लोक काय करतात, तर सुनेची, जावेची पापं सांगतात. स्वतःचीच सांगायची. चोरलेलं परत करायचा इरादा नसेल तर पापक्षमेची अपेक्षाच धरू नये. उघडपणे देणं अशक्य असेल तर फादरमार्फत गुपचूप पोचवता येतं. कन्फेशनमधलं गुपित फादर कोणापुढेही फोडू शकत नाहीत, हे नव्या माणसाला आधी सांगा. निम्मी भीती तिथेच जाते.

वर्धेकडचा
‘दारूत होतो, शुद्ध नव्हती’ : हे कारण नाही, दुसरी कबुली आहे. दोन्ही वेगळ्या लिहा.

मंडळीची खजिनदार
किती लोकांपुढे बोलायचं, यावर फार घोळ होतो. जेवढ्यांचं नुकसान, तेवढ्यांपुढे. नवराबायकोतलं नवराबायकोत. दानपेटीतलं घेतलं असेल तर पाळक आणि पंचमंडळीपुढे, लेखी, महिनावार आकड्यांसह. ‘उसने घेतले होते’ हा शब्द खोडा. विचारून घेतात ते उसने. परतफेडीची तारीख ठरवा, प्रत्येक हप्त्याची पावती फाडा. किल्ली त्याच दिवशी सोडा. माफी मिळाली म्हणून किल्ली परत मिळत नाही, हे दोघांनाही कळलेलं बरं. यापुढे पेटी दोघांनी मोजायची, एका घरातले दोघे नकोत.

लेकराशी कोणी वाईट वागलं असेल तर मात्र समिती, प्रार्थना, मिटवामिटवी काही नको. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२, कलम १९ : ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायचंच.

पाळक, घाटाखालचे
बाईंच्या म्हणण्याला जोड. उलटं दुखणंही असतं. नवरा मारतो आणि बायको येऊन म्हणते, माझंच चुकलं, भाजी करपली. ही कबुली घेऊ नका. जे केलं नाही ते ओढून घेणं हेही खोटंच आहे. भाजी भाजीच्या जागी, मार माराच्या जागी.

वडाखाली
आणि समोरच्याने दार लावून घेतलं तर? किंवा वेचणीची टोळी मेळघाटात परत गेली असेल तर?

काट्यावरची
दार लावलं तर पैसे ठेवून, एकदाच बोलून परत यायचं. दर आठवड्याला जाऊन ‘माफ केलं का’ विचारणं म्हणजे त्याच्याच डोक्यावर ओझं. टोळीचं म्हणाल तर गणना ५:८ मध्ये क्रम आहे : माणूस नसेल तर जवळचा नातलग, तोही नसेल तर परमेश्वराचं, याजकाकडे. पण आधी शोधा तर खरं. दर बाईच्या नावाचं पाकीट करा, वर रक्कम आणि दिवस लिहा, मुकादमाकडून फक्त गाव विचारून घ्या. पुढच्या वेचणीला बहुतेक तीच टोळी परत येते.