पॉल नॅशच्या युद्धचित्रांत माणसं का नाहीत?

वारणाकाठ (सांगली):
नमस्कार. बीएफएच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सेमिनारला ब्रिटिश चित्रकार पॉल नॅश घेतलाय. त्याचं १९१८ चं 'वी आर मेकिंग अ न्यू वर्ल्ड' बघितलं. खड्डेच खड्डे, झाडांची थोटकं, तांबूस ढगांवर आलेला पांढरा सूर्य. सैनिक एकही नाही. वर्गातले म्हणतात, हे निसर्गचित्रच झालं. मला ते पटत नाही, पण नीट मांडता येईना. कुणी सांगाल का?

अपशिंगेकर (सातारा):
बाळ, तुला पटत नाही ते योग्यच आहे. मी चित्रकला शिकवण्यात नोकरी घालवली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नॅश मुळात झाडांत रमणारा चित्रकार. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली अधिकारी म्हणून बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर गेला. मे महिन्यात रात्री खंदकात पडून बरगडी मोडली, म्हणून त्याला इंग्लंडला परत धाडलं. पुढच्या काही दिवसांतच त्याच्या तुकडीतले बरेच जण हिल ६० या टेकडीवरच्या हल्ल्यात मारले गेले. नोव्हेंबरात तो पुन्हा तिथं आला, सरकारी युद्धचित्रकार होऊन. ईप्रजवळच्या पाशेंडालच्या रणभूमीवरचा चिखल बघून त्यानं बायकोला कळवलं, की आता मी नुसता चित्रकार उरलो नाही, लढणाऱ्यांचा निरोप्या झालोय.

आता त्याचं 'मेनिन रोड' हे चित्र मोठं करून बघ. १९१९ साली पुरं झालेलं, सहा फूट बाय साडेदहा फुटांचं. पुढं सिमेंटचे ठोकळे, वाकलेले पत्रे, पाण्यानं भरलेले खड्डे. उजेडाचे पट्टे तोफांच्या नळ्यांसारखे तिरपे उतरलेत. आणि मधोमध दोन सैनिक, नखाएवढे. रस्ता शोधतायत, पण रस्ता राहिलेलाच नाही. माणूस एवढा बारीक का काढला, हे सेमिनारला विचार. सगळं त्यातच आहे.

पहिल्या महायुद्धात आमच्या गावचे ४६ जण कामी आले, त्यांचं स्मारक गावात आहे. आकडा लहानपणापासून पाठ आहे. पण आकड्यात जमीन दिसत नाही. ती मला नॅशच्या चित्रांत पहिल्यांदा दिसली.

माणदेशी:
सरांनी छान लिहिलंय. एक भर घालतो. चित्रातला हा रस्ता जिथून निघतो त्या ईप्रच्या मेनिन गेटवर, म्हणजे तिथल्या युद्धस्मारकाच्या कमानीवर, हिंदुस्थानी सैनिकांचीही नावं कोरलेली आहेत. १९१४ च्या ऑक्टोबरातच आपले जवान त्या भागात लढत होते.

नॅशचं दुसऱ्या महायुद्धातलं 'टोटेस मेअर' (जर्मनमध्ये 'मृत समुद्र') हे चित्रही घे. ऑक्सफर्डजवळ काउलीला पडलेल्या जर्मन विमानांच्या भंगाराचा त्यानं चांदण्यातला समुद्र केलाय. तिथंही माणूस नाही.

वारणाकाठ (सांगली):
सर, दादा, खूप आभार. 'मेनिन रोड'पासूनच सुरुवात करते. भिंतीवर प्रोजेक्टर लावला तर ते दोन सैनिक मागच्या बाकावरून दिसतील का?

अपशिंगेकर (सातारा):
नाही दिसणार. आधी पूर्ण चित्र दाखव, मुलांना शोधू दे. मग तेवढाच भाग मोठा कर.