मदत हवी आहे: अलिबागच्या किनाऱ्यावर बूट हरवलेत

३१ डिसेंबरला संध्याकाळी ओहोटी होती, म्हणून बूट पुळणीवर काढून अनवाणीच कुलाबा किल्ल्याकडे चालत गेलो. परतलो तर पाणी चढायला लागलेलं आणि बूट गायब! निळे कॅनव्हासचे, ८ नंबर, डाव्याची नाडी पांढरी, उजव्याची तपकिरी. बाबांचे आहेत, ते गेल्यापासून मीच वापरतो.

यंदा एकही संकल्प केला नाही. दरवर्षी वहीत यादी करायचो आणि फेब्रुवारीपर्यंत मन खात राहायचं. या वेळी फक्त सूर्यास्त बघितला, फार शांत वाटलं.

तिथे सकाळी फिरायला जाणारं कुणी आहे का? एकच बूट दिसला तरी कृपया कळवा. भरतीत वाहिलेल्या वस्तू साधारण कुठे लागतात, हे कोळी बांधवांपैकी कुणी सांगेल का?