मदत हवी आहे: ड्रिपरची कॉफी एकाच घोटात आंबटही आणि कडूही लागते

पहिली_वाफ
शंकूच्या आकाराच्या ड्रिपरमध्ये कागदी फिल्टर लावून कॉफी करतेय. तोंडात घेतल्यावर आधी कच्च्या फळासारखा आंबटपणा, आणि गिळल्यावर टाळूला कडू-तुरट कोरडेपणा.

माप: बिया १५ ग्रॅम, पाणी २५० ग्रॅम, दोन्ही काट्यावर मोजून. भाजणी मध्यम, भाजून दोन आठवडे झालेल्या बिया. पात्याचा ग्राइंडर सलग २० सेकंद. किटलीला उकळी आली की लगेच वरून धार धरते. सगळं पाणी उतरायला साडेचार मिनिटं लागतात, शेवटी तर नुसतं थेंब थेंब. जास्त वेळ दळलं की कडूपणा वाढतो, कमी दळलं की आंबटपणा, आणि मधलं काही सापडत नाही. घरी फ्रेंच प्रेसही (जाळीचा दट्ट्या असलेलं कॉफीचं भांडं) आहे. आधी काय बदलू?

दाणेदार
आधी दळण. नुसती आंबट असेल तर अर्क कमी उतरलाय, नुसती कडू असेल तर जास्त उतरलाय, आणि दोन्हींना सरळ उपाय आहे. दोन्ही एकदम लागतंय म्हणजे एकाच फिल्टरमध्ये दोन वेगळ्या कॉफ्या होताहेत. पातं बिया कापत नाही, फोडतं. त्यामुळे पिठीही होते आणि अर्धवट फुटलेले दाणेही राहतात. पिठीतलं सगळं काही सेकंदांत निघून जातं आणि मग कडू-तुरट भाग उतरत राहतो. मोठ्या दाण्याच्या मात्र गाभ्यापर्यंत पाणी पोचतच नाही. तुमचं ‘मधलं’ म्हणूनच सापडत नाही.

पुढच्या वेळी चोथा टाकण्याआधी बघा. वर चिखलासारखा गुळगुळीत थर असेल आणि चमच्याने खरवडल्यावर खाली ठसठशीत दाणे दिसले, तर खात्री झाली. कागदाची छिद्रंही ही पिठीच बुजवते. १५ ग्रॅमला अडीच ते सव्वातीन मिनिटं पुरेत.

कायमचा उपाय बर ग्राइंडर, हाताने फिरवायचा असला तरी चालेल. त्यात दोन दातेरी चकत्यांमधल्या फटीतून दाणा ठरावीक मापाचा झाल्यावरच खाली पडतो. तोवर १७-१८ ग्रॅम बिया घ्या, दोन-दोन सेकंदांचे झटके द्या आणि प्रत्येक झटक्यानंतर भांडं हलवा, म्हणजे वरचे दाणे पात्याखाली येतील. सलग फिरवू नका, कॉफी तापते आणि पिठी वाढते. जाडसर वाळूसारखं झालं की बारीक चाळणीतून चाळा. खाली पडलेली पिठी बाजूला काढून वरची कॉफी पुन्हा वजन करून १५ ग्रॅम घ्या. हे दुसऱ्यांदा वजन करणं बरेच जण विसरतात आणि मग प्रमाण बिघडतं.

मंद_आच
दळणाबद्दल सहमत, पण ओतण्यातही गडबड आहे. उंचावरून धार सोडली की चोथा घुसळतो आणि पिठी कागदाला जाऊन चिकटते. किटलीची चोच चोथ्याच्या जवळ आणा, धार पेन्सिलीपेक्षा बारीक ठेवा.

आधी रिकामा कागद गरम पाण्याने धुवा, कागदाची चव जाते आणि ड्रिपरही तापतो. ते पाणी फेकून द्या. मग ४५ ग्रॅम पाणी ओतून ४५ सेकंद थांबा. भाजलेल्या बियांत कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो, तो फुगून बाहेर पडतो. तो निघायच्या आत सगळं पाणी ओतलं तर वायू पाण्याला दाण्यापासून लांब ढकलतो आणि पाणी वाट मिळेल तिकडून निसटतं. नंतर सव्वा मिनिटापर्यंत काटा १५० वर, पावणेदोन मिनिटांपर्यंत २५० वर. कडेच्या कागदावर ओतू नका, ते पाणी कॉफीला न शिवता खाली जातं.

उकळत्या पाण्याला मात्र दोष देऊ नका. मध्यम भाजणीला ते चालतं, कारण चोथ्यात पोचेपर्यंत ते निवतंच. गडद भाजणीला ८८-९० अंशांवर थांबा.

गाळीव
ग्राइंडर येईपर्यंत फ्रेंच प्रेसच वापरा. त्यात सगळी कॉफी एकाच पाण्यात मुरते, कागद तुंबायचा प्रश्नच नाही. ३० ग्रॅम कॉफी, ५०० ग्रॅम पाणी. ४ मिनिटांनी वर आलेली साय चमच्याने मोडा, फेस काढून टाका आणि आणखी ५ मिनिटं हात लावू नका, गाळ तळाशी बसू द्या. दट्ट्या तळापर्यंत दाबायचा नाही, जाळी पाण्याला टेकली की थांबा. दाबलं की बसलेला गाळ पुन्हा उठतो. तळाचं बोटभर पाणी भांड्यातच राहू द्या.

पहिली_वाफ
सगळ्यांचे आभार! १७ ग्रॅम दळून चाळलं, २ ग्रॅम पिठी निघाली. ड्रिपर २ मिनिटं ५० सेकंदांत उतरला. तुरटपणा गेला. पण थोडी आंबट आहे आणि पातळ वाटते. कॉफी १८ ग्रॅम करू का?

दाणेदार
नको. तेवढ्याच पाण्यात कॉफी वाढवली की कप दाट होईल, पण प्रत्येक दाण्यातून अर्क आणखी कमी उतरेल आणि आंबटपणा तसाच राहील. आता फक्त आंबट आहे, म्हणजे दिशा मिळाली: अर्क वाढवायचा. दळताना एक झटका जास्त द्या, बाकी काहीही बदलू नका. पात्याच्या ग्राइंडरवर तेवढा नेमकेपणा जमला नाही, तर दळण तेच ठेवून फुगल्यानंतरचं २०५ ग्रॅम पाणी दोनऐवजी चार हप्त्यांत ओता. उतरायला वेळ लागतो आणि अर्क वाढतो. चव मात्र कप जरा निवल्यावरच ठरवा, कढत घोटात आंबटपणा नीट कळत नाही.