परीक्षेत सगळे पास, तरी भात पातेल्यातच गार होतो. किचनमधल्या माणसांना नेमकं काय शिकवायचं?

किचन_सुपरवायझर

केटरिंगचं किचन आहे. आचारी, मदतनीस, भांडी घासणारे आणि वाढपी धरून १४ माणसं. सगळ्यांचा अन्नसुरक्षेचा ऑनलाइन कोर्स झालाय, प्रमाणपत्रं फाइलला लावली आहेत. प्रत्यक्षात मात्र भाताचं मोठं पातेलं झाकण लावून ओट्यावरच गार होतं, थर्मामीटर खणात पडून असतो, आणि कच्चं चिकन कापलेला बोर्ड नुसता नळाखाली धरून फडक्याने पुसला जातो. विचारलं तर नियम घडाघडा म्हणून दाखवतात.

पुन्हा प्रशिक्षण द्यायचं तर सुरुवात कशापासून करावी? माणूस तयार झाला हे कसं ओळखायचं? आणि एचएसीसीपी ही अन्नसुरक्षेची पद्धत किंवा आयएसओ २२००० हे अन्नसुरक्षेचं मानक, यांचं प्रमाणपत्र कामगारांना काढून दिलं तर फरक पडेल का?

तापमान_नोंद

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तिथे पैसे वाया जातात. आयएसओ २२००० चं प्रमाणपत्र संस्थेच्या व्यवस्थेला मिळतं, माणसाला नाही. माणसाला मिळतं ते कोर्स केल्याचं. एचएसीसीपी ही धोके शोधून नेमक्या टप्प्यांवर ते रोखण्याची पद्धत. ती १९६० च्या दशकात अंतराळवीरांच्या जेवणासाठी तयार झाली, कारण तयार अन्न तपासून खात्री करायची म्हटली तर बहुतेक अन्न तपासणीतच संपायचं. तिची सात तत्त्वं सुपरवायझरला आणि मुख्य आचाऱ्याला यायलाच हवीत. भांडी घासणाऱ्याला ती पाठ करायला लावून काही साधत नाही. त्याला क्लोरीनचं प्रमाण कळलं पाहिजे.

आता भात. तुमच्या यादीतला सगळ्यात मोठा धोका हाच आहे, प्रशिक्षणाची सुरुवात इथूनच करा. शिजवताना बॅसिलस सेरियस आणि क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची कडक कवचातली सुप्त रूपं, मरत नाहीत. पातेलं हळूहळू गार होत ६० ते ५ अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात रेंगाळलं की ते रुजतात. परफ्रिंजन्स रश्शात, मांसात ४५ अंशांच्या आसपास इतका झपाट्याने वाढतो की साधारण दहा मिनिटांत संख्या दुप्पट होते. सेरियसचं उलटी करवणारं विष भातात एकदा तयार झालं की पुन्हा उकळूनही जात नाही. "सकाळी कडकडीत गरम करू" हे उत्तर म्हणूनच चुकीचं आहे, आणि ते का चुकीचं हे माणसाला समजल्याशिवाय त्याची सवय बदलत नाही.

थंड करण्याचा पाळण्याजोगा नियम असा: ५७ वरून २१ अंशांपर्यंत पहिल्या २ तासांत, तिथून ५ अंशांपर्यंत पुढच्या ४ तासांत. २१ चा टप्पा दोन तासांत गाठला नाही तर ताबडतोब, विष तयार व्हायच्या आत, ७४ अंशांपर्यंत पुन्हा तापवून थंड करायला नव्याने सुरुवात करा, नाहीतर फेकून द्या. भात उथळ ट्रेमध्ये ५ सेंटिमीटरपेक्षा जाड थर न देता पसरायचा. रस्सा किंवा सूप लहान भांड्यांत काढून बर्फाच्या पाण्यात ठेवायचं आणि ढवळत राहायचं. पूर्ण गार होईपर्यंत झाकण घट्ट लावायचं नाही आणि ट्रे एकावर एक रचायचे नाहीत.

हे फळ्यावर शिकवू नका. एक पातेलं भात तसाच ठेवा, दुसरा तेवढाच भात ट्रेमध्ये पसरा, आणि दर अर्ध्या तासाने मदतनिसाला स्वतःच्या हाताने दोन्हीकडे थर्मामीटर खुपसायला लावा. पातेल्यावर वरून हात ठेवला तर भात कोमट लागतो, पण थर्मामीटरचा टोकदार काटा मधोमध नेला की आकडा चढतच जातो. तो चढता आकडा एकदा पाहिलेला माणूस झाकण लावताना थबकतो.

स्वच्छता_प्रशिक्षक

वरच्या उत्तराला जोडून. थर्मामीटर खणात राहण्याचं एक कारण असं की लोकांचा त्याच्यावर विश्वास नसतो, आणि बऱ्याचदा तो खरंच चुकीचा असतो. म्हणून तो तपासायला आधी शिकवा. एका पेल्यात काठोकाठ बर्फाचा चुरा भरा, फटी भरतील एवढंच पाणी घाला, ढवळा. काटा मधोमध धरा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. आकडा स्थिर झाल्यावर ० अंश दिसला पाहिजे, फार तर १ अंश इकडेतिकडे. बर्फ कमी आणि पाणी जास्त झालं की २-३ अंश दिसतात आणि चांगला थर्मामीटर उगाच बाद होतो. उकळत्या पाण्याची चाचणी उंचीवरच्या ठिकाणी फसवते, दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू साधारण १ अंशाने उतरतो. कच्च्या मांसातून काढलेला काटा न पुसता शिजलेल्यात घालायचा नाही, हेही तिथेच सांगा.

चॉपिंग बोर्डाचे टप्पे: खरवडणं, साबणाच्या गरम पाण्याने घासणं, खळबळणं, निर्जंतुक करणं, हवेवर सुकवणं. फडक्याने पुसलं की आधीचं सगळं फुकट. निर्जंतुकीकरणाला १०० पीपीएम (दहा लाख भागांत १०० भाग) क्लोरीन हवं असेल तर ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट लिटरभर पाण्यात २ मिलिलिटर. अंदाजाने "एक झाकण" ओतू नका, क्लोरीनची चाचणीपट्टी बुडवून रंग जुळवा. बोर्डावर खरकटं राहिलं तर क्लोरीन त्यातच खर्ची पडतं, म्हणून घासणं आधी. जास्त घातल्याने जास्त स्वच्छ होत नाही, उलट ते अन्नात उतरतं. आणि हे द्रावण आम्लाच्या किंवा अमोनियाच्या क्लीनरमध्ये कधीच मिसळायचं नाही, विषारी वायू निघतो.

हातमोज्यांबद्दल गैरसमज फार. कच्च्या चिकनला लागलेला मोजा हा कच्च्या चिकनला लागलेला हातच आहे. काम बदललं की मोजा बदला, घालण्याआधी २० सेकंद साबणाने हात धुवा.

किचन_सुपरवायझर

थंड करायचा प्रयोग याच आठवड्यात घेतो. एक राहिलं: फ्रिजच्या नोंदवहीत रोज तीन वेळा "४" लिहिलेलं असतं, महिनाभर तोच आकडा. आणि आजारी माणूस कामावर आला तर त्याला ओळखायचं कसं?

तापमान_नोंद

महिनाभर एकच आकडा म्हणजे कुणीही थर्मामीटर बघितलेला नाही. दार उघडझाक होणाऱ्या फ्रिजचा आकडा हलतोच. ओरडू नका, वहीत एक रकाना वाढवा: "आकडा जास्त आला तेव्हा काय केलं". जास्त आकडा लिहिल्याबद्दल बोलणी बसत असतील तर माणूस नेहमी हवा तोच आकडा लिहिणार. ७ अंश लिहून सामान दुसऱ्या फ्रिजमध्ये हलवणाऱ्याचं सगळ्यांसमोर कौतुक करा.

माणूस तयार झाला का हे ओळखायचं तर लेखी परीक्षा बाजूला ठेवून काम करताना बघा. शिफ्टच्या गर्दीच्या वेळी दहा मिनिटं उभे राहा आणि चारच गोष्टी पाहा: कच्च्यावरून शिजलेल्याकडे जाताना हात धुतले का, काटा मधोमध गेला का, पट्टीचा रंग बघितला का, ट्रेवर तारीख-वेळ पडली का. रिकाम्या वेळी सगळेच बरोबर वागतात. नवा पदार्थ, नवं यंत्र किंवा नवा माणूस आला की प्रमाणपत्राची मुदत शिल्लक असली तरी त्या कामापुरतं पुन्हा शिकवा.

स्वच्छता_प्रशिक्षक

आजारी माणूस ओळखता येत नाही, त्याने सांगावं लागतं. उलटी किंवा जुलाब असतील तर लक्षणं थांबल्यावर पुढचे ४८ तास अन्नाला हात लावायचा नाही, कारण बरं वाटू लागल्यावरही नोरोव्हायरस हा उलटी-जुलाबाचा विषाणू शरीरातून बाहेर पडत राहतो. त्याच्यावर अल्कोहोलचा सॅनिटायझर फारसा चालत नाही, साबण-पाणीच लागतं. कावीळ असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय किचनमध्ये प्रवेश नाही. हातावरची पिकलेली जखम निळ्या पट्टीने झाका आणि वर मोजा घाला. पट्टी निळी, कारण गळून अन्नात पडली तर लगेच दिसते.

हे सगळं मालकापुढे मांडताना एक गोष्ट आग्रहाने सांगा. आजारपणाच्या दिवसाचा पगार कापला जात असेल तर जुलाब होत असताना माणूस गप्प राहून कणीक मळणार, आणि त्याला दोष देता येणार नाही. पगारी रजा मिळवून द्या, मगच हा नियम भिंतीवर लावा.