टाचेच्या रक्ताची तपासणी राहून गेली

गरोदरपणात आईला पुरेसं आयोडीन मिळालं तर बाळाची बौद्धिक अक्षमता टाळता येते, हा लेखातला मुद्दा मान्य, पण त्यातलं 'एकदा मूल जन्मलं की बौद्धिक अक्षमता टाळणं आपल्या हातात नसतं' हे पटत नाही. जन्मजात थायरॉइडची कमतरता घ्या, म्हणजे मेंदूच्या वाढीला लागणारं थायरॉइड हार्मोन बाळाच्या शरीरात पुरेसं तयार न होणं. साधारण २००० ते ४००० बाळांमागे एकाला ती असते, आणि गंमत (कसली गंमत म्हणा!) अशी की आईकडून आलेल्या हार्मोनमुळे बाळ सुरुवातीला ठणठणीत दिसतं. लक्षणं दिसेपर्यंत मेंदूचं नुकसान सुरू झालेलं असतं. म्हणून जन्मानंतर दोन-तीन दिवसांत टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारं हार्मोन) बघतात. पहिल्या दोन आठवड्यांत लिव्होथायरॉक्सिन (थायरॉइड हार्मोनची गोळी) सुरू झालं तर बहुतेक मुलांची बुद्धी इतरांसारखीच वाढते.

गोळी कुस्करून आईच्या थोड्याशा दुधात देतात. लोह किंवा कॅल्शियमच्या औषधासोबत मात्र नको, नीट शोषली जात नाही.